रिकामे ताट

दिवाळीच्या अंकात नाताळची गोष्ट काढणे म्हणजे लग्नघरात बारशाचा विषय काढण्यासारखे आहे, हे मला कळते. पण आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत हे दोन सण एकमेकांपासून फार लांब राहत नाहीत. दिवाळीला शेजारच्या घरून फराळाचे ताट येते; नाताळला आमच्या घरून त्यांच्याकडे जाते. ताटातले पदार्थही तेच. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, रव्याचे लाडू. केक हा आमच्याकडे मागाहून आलेला पाहुणा. आणि ताटाच्या बाबतीत एक नियम दोन्ही घरे पाळतात: आलेले ताट रिकामे परत करायचे नाही. घरात काही नसले तर चिमूटभर साखर ठेवायची, पण ताटाचा नुसता तळ दाखवायचा नाही.

हा नियम मी लहानपणापासून पाळत आले. त्याचा अर्थ मात्र मला चाळिशी उलटल्यावर, एका घरगुती भांडणातून कळला. त्या भांडणाचा विषय सांगितला तर कोणीही हसेल. नाताळला घरातल्या मुलांना प्रत्येकी किती भेटी घ्यायच्या, हा तो विषय.

शेताच्या बांधावरून किंवा घराच्या भिंतीवरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो, हे आपण पाहतो आणि ते आपल्याला समजतेही. पण चार कर्ती माणसे डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जेवणानंतर बसतात, आणि मुलांना एक वस्तू द्यावी, तीन द्याव्यात की अकरा, यावरून एकमेकांना लागेल असे बोलतात, हे ऐकणाऱ्याला पोरकट वाटते. मलाही वाटत असे. आता वाटत नाही. भेटींची संख्या ठरवताना आम्ही खरे म्हणजे दुसरेच काही ठरवत होतो, आणि ते काय, हे कोणीच उघड बोलत नव्हते.

आमचे कुटुंब एका छपराखाली राहत नाही, पण एका हाकेवर राहते. सासूबाई जुन्या घरात. त्यांनी सारे आयुष्य परिचारिका म्हणून काढले. थोरले दीर मस्कतला नोकरीला आहेत. जाऊबाई आणि त्यांची दोन मुले पलीकडच्या गल्लीत. माझे यजमान एका पतसंस्थेत कारकून. मी एका लहानशा शाळेत खालच्या वर्गांना शिकवते. जुन्या भाषेत सांगायचे तर मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. रात्री मुलीचा अभ्यास आटोपला की कादंबऱ्या लिहिते. आम्हाला ही एकच मुलगी. धाकट्या नणंदेचे यजमान इथल्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते. तो कारखाना २०२० च्या टाळेबंदीत बंद पडला, तो पुन्हा उघडलाच नाही. आता ते दुसऱ्याची रिक्षा चालवतात आणि नणंद घरी ब्लाउज शिवते. त्यांचा मुलगा, माझा भाचा, या गोष्टीच्या वेळी आठ वर्षांचा होता.

सासूबाईंचे मत ठरलेले होते: प्रत्येकाला एक वस्तू, आणि ती कपड्याची. "येशूबाळाला एक बाळंतं पुरलं. तुमच्या लेकरांना मोटारी कशाला?" असे त्या म्हणत. थोरल्या दिरांचे म्हणणे नेमके उलटे. ते वर्षातून एकदा, नाताळला येतात, आणि आपल्या मुलांसाठी प्रत्येकी अकरा वस्तू आणतात. अकराच का, असे मी एकदा विचारले. "अकरा महिने मी इथं नसतो," ते म्हणाले. त्यावर मला पुढे बोलवेना.

माझ्या यजमानांचा आकडा तीन. पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांनी बाळ येशूपुढे सोने, ऊद आणि गंधरस ठेवला. देवाच्या लेकराला तीन भेटी पुरल्या, तर आपल्या लेकरांना का पुरू नयेत, असा त्यांचा हिशेब. गंमत अशी की मत्तयाच्या शुभवर्तमानात मागी किती होते हे सांगितलेलेच नाही. भेटी तीन, म्हणून माणसेही तीन, असे लोकांनी मागाहून धरले. वस्तू मोजून माणसांचा अंदाज बांधण्याची ही खोड बरीच जुनी दिसते.

आणि माझे मत? संख्या कोणतीही असो, ती सर्व मुलांना सारखी असावी. मी शिक्षिका. वर्गात एकाला दोन खडू आणि दुसऱ्याला एक दिला तर काय होते ते मला ठाऊक होते. समानतेच्या बाजूने बोलताना माणसाला आपण बरोबर असल्याची फार लवकर खात्री पटते.

नणंद या चर्चेत बोलत नसे. ती सासूबाईंजवळ बसून लसूण सोलत असे.

या वादात परंपरेचे नाव दोन्ही बाजूंनी घेतले जाई. सासूबाई म्हणत, आपल्यात हे नव्हते. दीर म्हणत, ख्रिस्ती जगात सगळीकडे असेच करतात. मास्तरकीच्या सवयीने मी थोडे वाचून पाहिले, तेव्हा परंपरा कोणाच्याच बाजूने नीट उभी राहीना. नगरला १८३१ साली अमेरिकन मिशनरी आले, ते बोस्टनच्या संस्थेने पाठवलेले. त्या बोस्टन शहराच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड करणारा कायदा झाला होता. नाताळचा दंगा धर्माला सोडून आहे, असे तिथल्या कडव्या प्युरिटन मंडळींना वाटे. तो कायदा १६८१ मध्ये उठला, पण नाताळला सरकारी सुट्टी मिळायला तिथे १८५६ साल उजाडले. म्हणजे ज्यांच्याकडून आमच्या पूर्वजांनी शुभवर्तमान ऐकले, त्यांच्या स्वतःच्या घरी नाताळचा थाट नुकताच कुठे रुजू लागला होता. मोजे टांगून ठेवणारी मुले आणि रात्री धुराड्यातून येणारा म्हातारा यांचे चित्र घरोघर पोचले ते १८२३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या एका वर्तमानपत्रात छापलेल्या कवितेमुळे. मुलांच्या भेटी हा नाताळचा गाभा होऊन पुरती दोनशे वर्षेच झाली आहेत. एवढ्या कोवळ्या रूढीच्या आधाराने कोणी कोणाला गप्प बसवू नये, हे मला पटले. पण किती द्यावे हा प्रश्न होता तिथेच राहिला.

माझ्या लहानपणी हा प्रश्न नव्हता. नाताळला एक नवा फ्रॉक मिळे. शिवाय शब्बाथशाळेत एक पेन्सिल, एक संत्रे आणि परदेशातून आलेले एक वापरलेले नाताळकार्ड. कार्डाच्या आतली लिहिलेली बाजू कोऱ्या कागदाने झाकलेली असे. आम्ही त्यात सुखी होतो आणि कोणी मोजत नव्हते, असे लिहायचा मला मोह होतो, पण ते खरे नाही. आम्ही मोजत होतो. पाळकांच्या मुलीच्या कार्डावर चमकी होती आणि माझ्या कार्डावर नव्हती, हे मला आजही आठवते. थोडक्यात समाधान मानणारी मुले फक्त मोठ्यांच्या आठवणीतच असतात.

आता मूळ गोष्टीकडे येते.

दिरांच्या घरी भेटी नाताळबाबा आणतो, अशी समजूत होती. २०२२ च्या नोव्हेंबरात एक दिवस भाचा माझ्याकडे गणिते करायला आला होता. मध्येच पेन्सिल थांबवून त्याने विचारले, "मामी, नाताळबाबालाही पगार असतो का?"

"का रे?"

"नाही, म्हणजे तो दादाकडे अकरा आणतो आणि माझ्याकडे एक. आमच्याकडे येईपर्यंत त्याचे पैसे संपत असतील."

त्याने हे तक्रार म्हणून सांगितले नव्हते. गणितातला हातचा कुठे गेला हे शोधावे, तसे ते विचारणे होते. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. दानशूर म्हणून आम्ही मुलांपुढे उभा केलेला हा म्हातारा माणसांची ऐपत पाहून त्यांच्या दारात जातो, असे त्या मुलाने आमच्याच वागण्यावरून अनुमान काढले होते, आणि ते अनुमान चुकीचे म्हणता येत नव्हते.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी हट्टाला पेटले. नाताळबाबाचे नाव बंद. प्रत्येक भेटीवर देणाऱ्याचे नाव लिहायचे. आणि सासूबाईंच्या घरी, सर्वांसमोर, प्रत्येक मुलाला त्याच्या आईवडिलांकडून तीनच भेटी. दीर फोनवर होते. तेही शेवटी हो म्हणाले. बाकीच्या आठ आपल्या घरी देईन, म्हणाले. सासूबाई गप्प राहिल्या. मला जिंकल्यासारखे वाटले. लसूण सोलणाऱ्या नणंदेकडे मी तेव्हा पाहिले नाही. घरी आल्यावर मात्र ती डोळ्यांपुढे आली. ती तीन कुठून आणणार? समानतेचा नियम मीच केला होता आणि तो तिच्यावरच पडणार होता.

तेव्हा मी एक युक्ती केली. कापड बाजारात जाऊन एक रिमोटवर चालणारी मोटार घेतली आणि एक रंगांची पेटी. दोन्हींचे मिळून साडेसहाशे रुपये झाले. चमकीच्या कागदात बांधून वर चिठ्ठी लावली: "आईबाबांकडून." आणि नाताळच्या आदल्या रात्री सासूबाईंच्या घरी जाऊन ती दोन पुडकी बाकीच्यांत सरकवून ठेवली. घरी परतताना गल्लीतल्या दारांवर चांदण्या लागल्या होत्या, दूर कुठे तरी ढोलकीवर नाताळची गाणी चालली होती, आणि मी स्वतःवर फार खूष होते.

त्या वर्षी नाताळ रविवारी आला होता. उपासना आटोपून आम्ही सगळे सासूबाईंकडे जमलो. मुलांनी पुडकी फोडायला सुरुवात केली. भाच्याने पहिले उघडले ते आईने शिवलेला सदरा. निळा, चौकटींचा, पांढऱ्या गुंड्यांचा. त्याने तो अंगाला लावून पाहिला. मग दुसरे पुडके हाती आले, ते मोटारीचे. सदरा खुर्चीवर पडला. मोटार दोन्ही हातांत धरून तो ओरडला, "आई, ही पण तूच आणलीस?"

नणंदेने आधी मोटारीकडे पाहिले, मग चिठ्ठीकडे. अक्षर माझे होते. मग तिने माझ्याकडे पाहिले.

"हो," ती म्हणाली.

दुपारी भांडी घासायला मी एकटीच मोरीत होते. ती आली आणि रुमालात बांधलेले पैसे माझ्यापुढे धरले. "वहिनी, हे साडेतीनशे आहेत. बाकीचे पुढच्या महिन्यात देते. किती झाले ते खरं सांगा."

मी हात मागे घेतला. "अगं, मी तुझ्याच मुलासाठी आणलं ना? परका आहे का तो मला?"

"तुमच्या नावानं दिलं असतं तर मी घेतलं असतं," ती शांतपणे म्हणाली. "माझ्या नावानं दिलंत. मी त्याच्यापुढं खोटं बोलले. पैसे दिले म्हणजे ते खोटं राहणार नाही."

मी पैसे घेतले. जानेवारीत, संक्रांतीच्या सुमाराला ब्लाउजची कामे वाढतात, तेव्हा तिने उरलेले तीनशे आणून दिले. शंभर-सव्वाशे रुपये शिलाई धरली तर किती ब्लाउज होतात, हा हिशेब मी करायचा नाही असे ठरवले आणि केलाच.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर मी ती गरिबीतल्या स्वाभिमानाची गोष्ट म्हणून मनात ठेवून दिली असती. पण २०२३ च्या जूनमध्ये शाळा उघडली, आणि भाचा एक नवे दप्तर घेऊन मला दाखवायला आला. जुन्या जीनचे कापड, आत अस्तर, पुढे दोन खिसे, वर त्याच्या नावाचे अक्षर टाके घालून काढलेले. मी म्हटले, "छान आहे रे. कधी शिवलं आईनं?"

"नाताळलाच केलं होतं. हे आणि एक टोपी. पण तेव्हा दिलंच नाही. पिशवीतच राहिलं म्हणाली."

सदरा, दप्तर, टोपी. तिने तीन भेटी केल्या होत्या. माझा नियम तिने आपल्या हातांनी, रात्री जागून पुरा केला होता, आणि पिशवीत घालून सासूबाईंच्या घरी आणलाही होता. तिथे माझी दोन पुडकी आधीच तिची जागा अडवून बसली होती. तिला जमणार नाही हे मी तिला न विचारता ठरवले होते. माझी दया त्या एका गृहीतावर उभी होती.

तेव्हापासून मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. ज्याच्या नावावर नाताळबाबाची सारी कथा उभी राहिली, तो संत निकोलस चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी बिशप होता. त्याची दंतकथा अशी. एका माणसाला तीन मुली होत्या आणि हुंडा द्यायला पैसा नव्हता. निकोलसाने रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. मग दुसऱ्या मुलीसाठी दुसरी, तिसरीसाठी तिसरी. तिसऱ्या वेळी बापाने त्याला गाठले, तेव्हा हे कोणाला सांगू नकोस, असे त्याने बापाला विनवले. हुंड्याचे दुःख जाणणाऱ्या आपल्या समाजाला ही कथा समजावून सांगायला नको. मीही रात्री, गुपचूप, दुसऱ्याची लाज राखण्यासाठीच गेले होते. मग चुकले कुठे? निकोलसाने थैली टाकली आणि तो अंधारात निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरी बसून कोणाचा चेहरा कसा खुलतो हे पाहायला तो थांबला नाही. आणि थैलीवर त्याने बापाचे नाव लिहिले नाही. बापाला गरज होती, ती त्याने भागवली. बापपण मात्र आपल्या हाती घेतले नाही.

माझ्या या वागण्यात कादंबरी लिहिण्याच्या सवयीचाही दोष असावा. कादंबरीत एखाद्या पात्राला न विचारता त्याच्या हातून दान करवता येते, त्याच्या तोंडी शब्द घालता येतात. ते पात्र दुपारी रुमालात पैसे बांधून मोरीपाशी येत नाही.

भेटींच्या व्यवहारावर अर्थशास्त्रज्ञांनीही लिहिले आहे. जोएल वाल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये नाताळच्या भेटींचा तोटा मांडून दाखवला. विद्यार्थ्यांना विचारून त्याने असे अनुमान काढले की भेटीची जी किंमत मोजली जाते, तिचा दहावा ते तिसरा हिस्सा घेणाऱ्याच्या दृष्टीने वायाच जातो, कारण ती वस्तू त्याने स्वतः निवडलेली नसते. हा हिशेब मला खोटा वाटत नाही, अपुरा वाटतो. माझ्या साडेसहाशे रुपयांतला एक रुपयाही भाच्याच्या दृष्टीने वाया गेला नव्हता. त्याला मोटार हवीच होती. तोटा झाला तो एका तिसऱ्याच माणसाचा, आणि त्या वहीत तिच्या नावाचे पानच नव्हते. मार्सेल मोस या फ्रेंच विद्वानाने १९२५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवले आहे की भेट कधी एकटी येत नाही; तिच्याबरोबर देण्याचे, घेण्याचे आणि परत करण्याचे बंधन येते. आमच्याकडे ही गोष्ट ताटावरून आजीसुद्धा सांगेल.

ताटात चिमूटभर साखर ठेवायची, ती कशासाठी? शेजाऱ्याच्या घरी साखर नसते म्हणून नव्हे. ताट भरून पाठवणारे घर मोठे आणि रिकामे करणारे घर लहान, असे होऊ नये म्हणून. साखर ठेवणाऱ्याला ती ठेवू द्यावी लागते. ताट परत यायच्या आधीच आपण त्यात स्वतःची साखर घालून "ही तुझीच" म्हटले, तर ते परत आलेच नाही. मी नेमके तेच केले होते.

देणाऱ्याचा हात मोकळा असला की आपण त्याला सद्गुण म्हणतो. पण त्या हाताचा भार कोणावर पडतो, हे पाहायचे राहून जाते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. आमच्या घरांत ती पुन्हा पुन्हा वाचली जातात. रेव्हरंड टिळकांचा कधी न आखडणारा हात आणि त्यापायी लक्ष्मीबाईंच्या संसाराची होणारी ओढाताण आठवली की, औदार्याचा हिशेब नेहमी दोन वह्यांत लिहावा, असे मला वाटते.

मग संख्या किती असावी? माझे उत्तर असे झाले आहे: घरात ज्याला सर्वांत कमी देता येते, त्याला कोणाच्या मदतीशिवाय आणि रात्री न जागता जेवढे देता येईल, तेवढी. सर्वांसमोर द्यायच्या भेटींचे माप त्याच्या हातावरून घ्यावे. मुलांना सारखेपणा हवा असतो हे खरे. पण तो वरून भर घालून आणला, तर मुले सारखी होतात आणि त्यांचे आईबाप लहानमोठे होतात.

याचा पडताळा मला माझ्या वर्गातच मिळायला हवा होता. वाढदिवसाला मुले वर्गात चॉकलेट वाटतात. एका वर्षी त्याची चढाओढ लागली. मोठ्या वड्या, मग पेन्सिली, मग डबे. शेवटी एक मुलगी आपल्या वाढदिवसाला शाळेतच आली नाही. तेव्हा मी नियम केला: प्रत्येकाने एकेक लिमलेटची गोळीच वाटायची. एका पालकांनी तक्रार केली, की आमच्या हौसेवर तुमची बंदी का? त्यांना मी ठामपणे उत्तर दिले होते. आलेली नव्हती त्या मुलीच्या नावाने मी गोळ्या आणून वाटल्या नव्हत्या. वर्गात जे मला सुचले, ते घरात सुचले नाही. घरात प्रेम असते, आणि प्रेमात विचारायची गरज नाही असे आपल्याला वाटते.

२०२३ च्या डिसेंबरात मी हे सारे घरात मांडले. नणंदेची गोष्ट सांगितली नाही; ती सांगायचा हक्क मला नव्हता. फक्त म्हटले, सासूबाईंचेच खरे, एकच भेट असावी. दीर त्या वेळी समोर होते. ते चिडले. "म्हणजे सर्वांत कमी मापानं सगळ्यांचा आनंद कापायचा? मी तिकडं उन्हात कशासाठी राहतो? मुलांना मी दुसरं काय देतो?"

या प्रश्नाला माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. मात्र त्यांचे शेवटचे वाक्य ऐकताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सर्वांत कमी देता येणारे माणूस म्हणून मी आतापर्यंत नणंदच धरून चालले होते. तिच्याजवळ पैसे नव्हते, पण तिच्या मुलाला ती रोज दिसत होती. या माणसाजवळ पैसे होते. द्यायला दिवस नव्हते. त्यांच्या अकरा वस्तू ही त्यांची चिमूटभर साखर होती. ती मोजून कमी करायला सांगणे म्हणजे त्यांचे ताट रिकामे पाठवायला सांगणे होते. भेटींची संख्या ठरवताना आम्ही इतकी वर्षे काय ठरवत होतो, ते मला त्या क्षणी दिसले. आपल्या मुलांचे आपण काय लागतो, हे जो तो आपापल्या आकड्यात सांगत होता.

शेवटी तडजोड झाली ती अशी. सासूबाईंच्या घरी, सर्वांसमोर, प्रत्येक मुलाला त्याच्या आईवडिलांकडून एकच भेट. ज्याला आणखी द्यायचे असेल त्याने आपल्या घरी, आपल्या सवडीने द्यावे. मामा, मामी, आत्या, काकू यांना भाच्या-पुतण्यांना काही द्यावेसे वाटले, तर स्वतःच्या नावाने आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी. आणि प्रत्येक मुलानेही एक तरी वस्तू कोणाला तरी द्यायची, विकत न घेता. हे शेवटचे कलम नणंदेने सुचवले. इतक्या वर्षांत त्या बैठकीत ती पहिल्यांदा बोलली.

ही व्यवस्था फार सुरेख चालली आहे असे मी म्हणणार नाही. नाताळच्या दुपारी दिरांची मुले आपल्या उरलेल्या दहा वस्तू घेऊन गल्लीत येतात, आणि भाचा त्या मोजतो. मुले मोजणारच. माझ्या मुलीनेही गेल्या वर्षी मला विचारले, की काकांकडे अकरा आणि आपल्याकडे एक, असे का? मी तिला म्हटले, "काका तुझ्या बाबांसारखे रोज संध्याकाळी घरी येत नाहीत." ती थोडा वेळ विचार करत राहिली. तिला ते पटले की नाही, मला कळले नाही. सासूबाई अजून म्हणतात, एक म्हणजे कपड्याचीच. वाद चालू आहे. पण आता नणंद लसूण सोलताना मध्येच बोलते, आणि तिचे बोलणे सर्वांना ऐकावे लागते.

ते साडेसहाशे रुपये मी दोन वर्षे 'उपासना संगीता'च्या पानांत ठेवले होते. खर्च करवत नव्हते आणि परतही करता येत नव्हते. गाणे काढायला पुस्तक उघडले की नोटा दिसत, आणि मी मुकाट्याने पान उलटीत असे. त्या नोटांना हात न लावण्यात काही तरी चांगुलपणा आहे, अशी माझी समजूत होती. मग एक दिवस मनात आले, की हाही त्याच चुकीचा उरलेला भाग आहे. तिने पैसे दिले आणि मी ते जपून ठेवले, याचा अर्थ तिने दिले हे मी अजून मानलेलेच नाही.

२०२४ च्या डिसेंबरात मी त्या नोटा काढल्या आणि बाजारात जाऊन मैदा, रवा, सुके खोबरे आणि तूप आणले. साडेसहाशे कुठे गेले ते कळलेही नाही, इतके ते साधे पैसे होते. करंज्या केल्या. शेजारी ताटे गेली, जाऊबाईंकडे गेले, नणंदेकडे गेले. संध्याकाळी भाचा ताट परत घेऊन आला. वर स्वच्छ फडके झाकलेले होते. तो जाईपर्यंत मी ते उघडून पाहिले नाही.